फेर्मिनचे सिगार पिकले

त्या दिवशीही पहाटेपासून वीज नव्हती. कोळशाच्या शेगडीवर कॉफी उकळत होती. कॉफी कमी आणि भाजलेला वाटाणाच जास्त, सध्या सगळ्यांच्या घरी असते तशी. नवरा पावाच्या रांगेत गेला होता. मी फडकं धरून कॉफी गाळायला घेतली आणि दार वाजलं.

आमच्या सान लुईस गावात दार वाजवत नाहीत. फाटकातूनच हाका मारत माणसं आत येतात. म्हणजे कुणीतरी परकं असणार.

दारात साठी उलटलेला माणूस उभा होता. डोक्यावर कोरी टोपी, हातात चाकांची भलीमोठी बॅग.

"फेर्मिनची बायको, कसिल्दा, इथंच राहते ना? समोरून गेलो तर घराला दारच दिसेना."

"वादळात पुढची पडवी पडली. तेव्हापासून मावशीची ये-जा आमच्या परसातूनच असते," मी म्हणाले आणि मग त्याच्या भुवया दिसल्या. थेट फेर्मिनकाकांच्या भुवया! हा त्यांचा धाकटा भाऊ आर्सेनिओ, परदेशी टॅम्पाला गेलेला. येतो येतो म्हणत आठ वर्षं लावणारा.

तो आला यात वाईट नव्हतं काही, पण मला मावशीच्या कपाटातली देवदारी पेटी आठवली.

कसिल्दामावशी मूळची या गावची नव्हे. ती कोळ्याची लेक, ला कोलोमाच्या किनाऱ्यावरची. लग्न होऊन आली तेव्हा तंबाखूच्या वासानं तिला म्हणे आठवडाभर जेवण गेलं नाही. "बापाच्या घरी मासळीचा वास, नवऱ्याच्या घरी हा. देवानं मला नाक दिलं ते शिक्षा म्हणूनच," असं ती म्हणायची. पुढं हंगामात तीच बाई तंबाखूच्या कोठारात बसून पानांच्या जोड्या दोऱ्यात ओवायची, आणि तिच्याइतका चपळ हात गावात दुसरीचा नव्हता.

फेर्मिनकाका गावच्या पानघरात कामाला. तिथं पानांच्या माणूसभर उंचीच्या थप्प्या दाबून ठेवतात, त्या आतून आपोआप तापतात आणि पान मुरतं. थप्पी उलटायच्या दिवशी आतून असा काही उग्र, नवसागरासारखा दर्प सुटतो, की भलेभले गडी डोळे पुसत अंगणात पळतात. तो दर्प काकांच्या कातडीतच गेला होता. संध्याकाळी ते फाटकाशी आले की मावशीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू यायचा.

"तिथंच थांब! शर्ट बाहेर. आधी अंघोळ, मग घर!"

"अगं, निदान पाणी तरी पिऊ दे."

"पी की, पिंपातलं पी. माझ्या भाताला वास लागतो तुझा."

मग काका मुद्दाम मागून जाऊन तिच्या नाकाखाली तळवा धरायचे, ती "दूर हो, मेल्या!" म्हणून झारा उगारायची आणि आम्ही कुंपणापलीकडे हसत असायचो. रोज शर्ट साबणानं, लिंबानं घासायचा, उन्हात टाकायचा. संसारभर ती त्या वासाशी भांडली.

काका गेले ते कामावरच. थप्पीजवळ बसले ते उठलेच नाहीत. दफन करून आम्ही परतलो आणि दुसऱ्या सकाळी मी बघते, तर दोरीवर त्यांचे सगळे शर्ट. पांढरेशुभ्र. अंगावरचा शेवटचासुद्धा. उशीचा अभ्रा, चादर, टोपी, सगळं. कुणी सांगितलं नव्हतं. हातांना सवय होती, हातांनी केलं.

आपल्या हातून काय झालंय ते तिला कळलं त्या रात्री, उशीत तोंड घातल्यावर. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, ताटातून मान वर न करता. "लिंबाचा वास आला गं पोरी. नुसता लिंबाचा."

उरली ती पेटी. काका गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आर्सेनिओचा निरोप आला होता की मी येतोय. काकांनी बापाच्या वाफ्यातली पानं मागून आणली, रोज रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पन्नास सिगार वळले, पिवळ्या फितीनं जुडी बांधली आणि स्वतः केलेल्या पेटीत ठेवली. आमच्याकडे म्हणतात, वळलेला सिगार लगेच ओढावा, नाहीतर मग वर्ष-दोन वर्षं हात लावू नये. मधल्या काळात तो आजारी असतो, अंगातला उग्रपणा बाहेर टाकत असतो. "आर्सेनिओ येईपर्यंत बरे होतील," काका म्हणाले होते. "त्याचे आहेत ते. कुणाला देऊ नकोस." आर्सेनिओचं येणं लांबलं, कधी कागद अडले, कधी बायको आजारी पडली, मग ती साथ. आणि वाट बघणारा गेला.

पहिल्या वर्षी, काका गेले त्या तारखेला, तिनं झाकण उघडलं आणि तो दर्प नाकात शिरला. "अख्खा माणूस बसलाय आत," ती मला म्हणाली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. तिसऱ्या वर्षी उघडून पटकन मिटलं. म्हणाली, सर्दी झालीय. त्यानंतर उघडायचीच नाही. "वारा लागला की उडून जाईल. जेवढा आहे तेवढा राहू दे आत." मात्र सिगार कोरडे पडू नयेत म्हणून ठेवलेलं पेटीखालचं ओलं फडकं तिनं कधी सुकू दिलं नाही, काकांनी सांगून ठेवलं होतं तसं.

पानघरही वादळात गेलं. छप्पर उडालं ते परत चढलं नाही. आमची पानं आता कोन्सोलासिओनच्या पानघरात नेतात. गावात तो दर्प कुठंच उरला नव्हता, उरला असलाच तर त्या पेटीत.

मी आर्सेनिओला परसातून तिच्याकडे घेऊन गेले. मावशी कोंबडीला दाणे टाकत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आलास? भाऊ दमला थांबून."

"वहिनी..."

"टोपी काढ. लेबल तरी काढायचं होतंस तिचं."

तो हसायला गेला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मावशीनं पाठ थोपटली. एक टिपूस काढलं नाही. मग त्यानं बॅग उघडली, साबण, गोळ्या, कॉफीची पाकिटं टेबलावर मांडली. पेटीचं नावही काढलं नाही, बिचाऱ्याला बहुधा माहीतच नव्हतं. मावशी गप्प बसली असती तर चाललं असतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण ती उठली, कपाटातून पेटी आणून त्याच्यापुढे ठेवली.

"तुझ्यासाठी वळलेत. त्याचा शब्द होता."

झाकणावर तिचा हात बराच वेळ होता. मग तिनंच उघडलं.

खोलीभर वास पसरला. काय वास होता तो! मध, देवदार, भाजलेला कोको, वाळवलेला पेरू, सगळं एकात एक विरघळलेलं. पानांना तेलकट तुकतुकी आलेली. आर्सेनिओनं एक सिगार कानाशी धरून हलकेच दाबला, टोक कापलं, देवदाराच्या काडीनं सावकाश पेटवला. डोळे मिटले. धूर कसा रेशमासारखा, घशाला कुठं टोचणं म्हणून नाही.

"वहिनी, आधी गोड लागतो, मग कॉफीसारखा कडसर होतो, मागून हळूच मिरी... हे आमच्या बाबांचं पान गं! किती नीट सांभाळलंस! तुझ्या हातानं पिकलेत हे. फेर्मिनच आलाय बघ खोलीत."

मावशी पेटीवर वाकली होती. तिनं जुडी उचलली, खालचे सिगार हुंगले, फीत हुंगली. मग रिकाम्या पेटीत तोंड घालून पार कोपऱ्यापर्यंत हुंगत राहिली, लहान मूल भांड्याचा तळ चाटतं तशी. मला बघवेना.

"नाही," ती ताठ होत म्हणाली. "हा चांगला वास आहे. तो असा नव्हता."

आर्सेनिओनं सिगार बशीच्या काठावर टेकवला.

"सगळे घेऊन जा," तिनं जुडी पेटीत ठेवून त्याच्याकडे सरकवली.

"अगं, अर्धे तरी ठेव. आठवण म्हणून."

"कसली आठवण? हे छान झालेत. ओढ. तो खूश होईल. मला ह्यात काही नाही रे."

तो गडबडला. माणूस गडबडला की देऊ लागतो. "मी काय पाठवू तुला तिकडून? गुडघ्यांचं औषध? बॅटरीवरचा पंखा? चपला? फोन घेतेस का नवा? सांग ना, वहिनी, काहीही सांग."

"पंखा घेऊन वारा कुणाला घालू?" ती म्हणाली. पण हसली नाही. खिडकीतून दोरी दिसत होती, तिकडे बघत राहिली. कोंबडी आत आली, तिला तिनं पायानंच बाहेर लोटलं.

"उद्या कुठं जाणार आहेस?" तिनं विचारलं.

"कोन्सोलासिओनला. मामेभावाकडे. गाडी ठरवलीय. का गं?"

मावशीनं पदर नीट करावा तसा ॲप्रन खाली ओढला. गल्लीभर आवाज जाणाऱ्या त्या बाईचा आवाज मला टेबलापलीकडे जेमतेम ऐकू आला.

"तिथल्या पानघरात जा. थप्पी उलटत असतील त्यांना सांग, मूठभर पान द्या. मुरलेलं नको, चांगलं नको. डोळ्यांत पाणी येईल असं. ओल्या फडक्यात बांध आणि मला आणून दे."