यल्लव्वाची राखुंडी

वडगावात आमच्या गल्लीतल्या यल्लव्वाशी बोलायचं म्हणजे तिच्या डाव्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडावं लागे. अठरा वर्षं तिनं यंत्रमागांच्या शेडमध्ये काम केलं होतं. मागांच्या खडखडाटानं आधी उजवा कान गेला. डावाही जायला लागला तेव्हा तिनं शेड सोडली आणि घरी बसून चरख्यावर मागाच्या सुताच्या कांड्या भरू लागली. ऐकू येईना, तशी ती बोलेनाशीही झाली. नवरा परशराम मागांची लाकडी दुरुस्ती करायचा, मुळातच अबोल माणूस. दोघांचं सगळं हातवाऱ्यांवर चाले. एकुलती लेक लग्न होऊन नंदगडला गेल्यावर तर त्या घरातून माणसाचा आवाज म्हणून येत नसे.

एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तिचा धाकटा भाऊ कृष्णात आला, तो झाकणाची वेताची बुट्टी घेऊन. तो सरकारी मेंढीपालन केंद्रात कामाला होता. तिथं सशांची एक नवी जात आणली होती. त्यातल्या एका मादीचा पुढचा पाय जन्मतःच वाकडा होता, म्हणून ती बाजूला काढलेली. साहेबांना विचारून कृष्णात तिला बहिणीकडे घेऊन आला.

"आक्का, ही चिंचिला जातीची हाय," तो तिच्या कानात ओरडला. "तिकडं अमेरिकेतल्या डोंगरात चिंचिला म्हणून एक प्राणी असतोय, लई मऊ केसांचा. हिची लव तशीच दिसती, म्हणून हिलाबी तेच नाव."

त्यानं सशीच्या पाठीवर हलकी फुंकर मारली. केस फाकले आणि आत गोल उमटला. मुळाशी पाटीसारखा निळसर, मध्ये पांढरा, टोकाला काळा. जन्मभर सूत हाताळलेली यल्लव्वा खाली वाकली.

"एका केसात तीन रंग? हे कुणी रंगवलं रं?"

कृष्णात बघतच राहिला. आक्कानं आपणहून काही विचारल्याला किती महिने झाले होते, त्याला आठवेना. राखेसारख्या रंगावरून सशीचं नाव तिनं तिथल्या तिथं राखुंडी ठेवलं.

पहिले काही दिवस सगळंच चुकलं. मोसंबीच्या लाकडी पेटीत ठेवली तर राखुंडीनं पेटीची कड कुरतडली, बाहेर आली आणि सुताच्या लडीत गुरफटून बसली. पाण्याची करवंटी दिली की उलटायची. यल्लव्वानं प्रेमानं ओला पाला घातला, त्यानं तिचं पोट बिघडलं. कृष्णात पुन्हा आला तेव्हा त्यानं दोघांना समोर बसवून सांगितलं. पाला सावलीत सुकवून द्यायचा, वाळलं गवत कायम पुढ्यात पाहिजे, दात वाढतात म्हणून चावायला बाभळीची काटकी ठेवायची, आणि कान धरून कधी उचलायचं नाही.

परशरामानं पिंजरा मनावर घेतला. चार उंच पाय, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून तळाला जाळी, पण वाकड्या पायाला तार रुतू नये म्हणून अर्ध्या भागात गुळगुळीत फळी. लपायला एका कोपऱ्यात बंद खोका. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याचे डबे, आणि पाण्याला दगडी वाडगं, जे उलटणारच नाही. आतल्या खोलीत भिंतीला लागून त्यानं पिंजरा ठेवला. वारा नाही, ऊन नाही, मांजराला वाट नाही.

आणि तिथं गेल्यापासून आठ दिवसांत राखुंडीनं खाणं सोडलं.

खोक्यात अंग चोरून बसायची. परशराम तिला सायकलवरून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी दात बघितले, पोट चाचपलं. "आजार काही नाही. ही कशाला तरी भिते आहे. घरात कुत्रं-मांजर येतं का?"

"न्हाय हो, साहेब."

"मग शोधा. असंच राहिलं तर चार दिवस काढणार नाही."

परशरामानं दारं बघितली, बिळं बघितली, काही सापडेना. यल्लव्वानं चरखा बाजूला सारला आणि पिंजऱ्यापुढं बसली. एक हात आत घालून तिनं राखुंडीच्या पाठीवर ठेवला. पाठ सारखी थरथरत होती. सकाळ तशीच गेली. दुपारी लाइट गेली आणि थोड्या वेळानं ती थरथर थांबली. राखुंडी हळूच पुढं आली, नाक हलवत तिनं पाल्याचं एक पान ओढलं. यल्लव्वाचे डोळे भरून आले. पण लाइट आली, आणि पान अर्धं टाकून राखुंडी पुन्हा खोक्यात शिरली.

यल्लव्वा उठली. तिनं भिंतीला तळवा लावला, मग गाल लावला.

"अवो!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की परशराम हातातला रंधा टाकून धावत आला. "भिंत हलतीया!"

भिंतीपलीकडं शेजारच्या मारुतीरावांचे विजेवर चालणारे चार यंत्रमाग होते. परशरामाच्या कानांना तो आवाज इतका सवयीचा झाला होता की तो आहे हेच त्याच्या ध्यानात नव्हतं. यल्लव्वाला तर तो ऐकूच येत नव्हता. घरात तो ऐकणारी एक राखुंडीच होती.

घरातली त्यातल्या त्यात शांत जागा म्हणजे पुढच्या सोप्यातला कोपरा. तिथं यल्लव्वाचं अंथरूण असे. तिनं ते गुंडाळलं, आतल्या भिंतीशी नेऊन टाकलं आणि रिकाम्या कोपऱ्यात पिंजरा आणवला.

"तिथं झोप लागंल व्हय तुला?" परशरामानं हातानंच विचारलं.

"मला काय ऐकू येतंय? तिला येतंय."

मारुतीरावांना हे कळलं तेव्हा ते आधी खो खो हसले. मग सोप्यात येऊन बराच वेळ सशीकडं बघत बसले आणि स्कूटरचा जुना टायर पाठवून दिला. जमिनीतून हादरे पोचू नयेत म्हणून परशरामानं त्याच्या पट्ट्या कापून पिंजऱ्याच्या पायांखाली घातल्या. तिसऱ्या दिवशी वाडगं पुसून घ्यावं तसं सगळं खाणं संपलेलं होतं.

त्यानंतर यल्लव्वा बोलू लागली. आधी राखुंडीशी, कांड्या भरता भरता, दिवसभर. सून कशी वागते असं शेजारणीनं विचारावं तशा सुरात ती तिला पाला कसा लागला ते विचारायची. मग सोप्यावरनं जाणाऱ्या-येणाऱ्यांशी. आपला आवाज चढतो म्हणून तिला वाटायची ती लाजही गेली. उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकताना ती परशरामाला हाका मारायची, त्या गल्लीच्या टोकाला ऐकू येत. परशराम कधी त्रासल्यासारखं करी, पण हाक आली की हातातलं काम ठेवून जाई.

राखुंडी सात वर्षं जगली. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत एके सकाळी ती यल्लव्वाच्या मांडीवरच गेली. परशरामानं परसात लिंबाखाली खड्डा काढला. यल्लव्वा दोन दिवस जेवली नाही, पण गप्पही बसली नाही. येईल त्याला राखुंडीची हकीकत सांगत राहिली.

महिन्याभरानं खासबागेतल्या शाळामास्तरीण रुक्माबाई आल्या. त्यांनी आपल्या घरी पांढऱ्या सशांची जोडी आणली होती आणि कसं पाळावं काही कळत नव्हतं. यल्लव्वानं लुगडं बदललं, परशरामाला सायकल काढायला लावली आणि मागं बसून खासबागेला गेली.