रायफल फुटण्याआधी

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. घरी भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी चहा टाकायला उठते. जन्मभर मुलींना फिजिक्स शिकवलं, आवाज कसा निर्माण होतो, कसा पसरतो ते फळ्यावर आकृत्या काढून समजावलं... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण जे झालं ते झालं.

ग्वाल्हेर, शिंदे की छावनी. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला होता आणि महाराजांची फौज भारतीय सैन्यात घेतली जात होती — सगळी नाही, निवडून. बाबा सुभेदार, त्यांना पेन्शन देऊन घरी बसवलं. माझा मोठा भाऊ, दादा, मात्र निवडला गेला. दसरा झाला की हजर व्हायचं होतं, त्याआधी एकदा मेडिकल. आमच्या गल्लीत चांगली धडधाकट माणसं बेकार होऊन ओट्यावर बसलेली मी रोज बघत होते. आमच्या घराचं सगळं आता दादाच्या हातापायांवर होतं, हे मला पक्कं कळत होतं.

आजोबांना बक्षीस मिळालेली एक रायफल घरात होती. नवरात्रात ती देवघरात घटाशेजारी उभी करायची, नळी वर. रोज हळदकुंकू, अक्षता, फुलानं पाणी शिंपडणं. घट उठेपर्यंत तिला हलवायचं नाही. आणि दसऱ्याला उचलली की न पुसता, कुंकवासकट एक बार काढायचा, साफसफाई मागाहून. आमच्या घरचा रिवाजच होता तो.

त्या दसऱ्याला दादा कुरकुरला. "बाबा, एक मिनट. नळीत नुसता कपडा फिरवून घेतो."

"बिलकुल नाही! कुंकू पुसून बार काढतात का कुठे? संस्थान गेलं, वर्दी गेली... एवढं तरी राहू दे. चल, रायफल उठा और चला."

 दादानं कपडा बाजूला ठेवला.

सकाळची वेळ, लख्ख ऊन. घरामागच्या मैदानात मातीचा बांध होता, तिकडे तोंड करून दादा उभा राहिला. मी आणि आई मागे भिंतीपाशी. आईच्या हातात आरतीचं ताट. दादानं काडतूस भरलं... आणि मला बार ऐकू आला.

कानठळ्या बसवणारा. आणि त्यावर लगेच आईचा हंबरडा — "बाळ्या रे!" आई दादाला बाळ्या म्हणायची. असा हंबरडा मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता.

मी वळून पाहिलं. आई ताट धरून शांत उभी होती, ओठ मिटलेले. दादानं रायफल अजून खांद्याला लावलीही नव्हती. झाडावरचे कावळेसुद्धा जागचे हलले नव्हते.

मी धावत जाऊन दादाची बाही धरली. "चालवू नको! फुटली ती!"

"पागल झालीस का? अजून चालवलीच कुठे?"

"फुटली म्हणते ना मी!"

बाबा कडाडले, ऐन दसऱ्याला अपशकुन करते म्हणाले. पण मी बाही सोडली नाही. शेवटी दादा वैतागला. "ठीक है. रिवाज पण होऊन जाईल आणि हिचं पण समाधान." मोडक्या टांग्याच्या चाकाला त्यानं रायफल दोरीनं आवळली, ट्रिगरला लांब सुतळी बांधली, आम्हां सगळ्यांना भिंतीआड नेलं आणि सुतळी ओढली.

बार झाला. तोच, हुबेहूब.

धूर विरल्यावर पाहिलं तर नळी केळ्याच्या सालीसारखी सोललेली. लाकडी दस्त्याच्या ढलप्या सगळीकडे. काडतुसामागची पोलादी खिट्टी, बोल्ट, उडून मागच्या कडुनिंबात रुतलेली — म्हणजे चालवणाऱ्याचा चेहरा असतो, बरोबर त्या दिशेनं. बाबा खाली वाकून ढलप्या वेचू लागले.

का फुटली यावर दादा आणि मी पुढे वर्षानुवर्षं भांडलो. तो म्हणायचा अक्षता — ओल्या अक्षता आणि कुंकू नळीत साचून बूच बसलं, प्रेशरला वाट मिळेना. मी म्हणायचे काडतूस. जुनं, कुठल्या जमान्यातलं, दमट कोठीत पडलेलं. शिवाय आदल्या दसऱ्याला बाबांचा बार फुसका वाजला होता आणि मागाहूनची साफसफाई राहूनच गेली होती, तेव्हाचीच गोळी आत अडकून राहिली असेल. पोलादाला केसाएवढी चीर असेल. बोल्ट पुरता बसला नसेल. दादानं पुढे फौजेतल्या जाणकारांना विचारलं, तर ते प्रत्येक कारणाला "हो सकता है" म्हणाले. असो. यातलं कुठलंही कारण मला चालेल. रायफल फुटण्यात अमानवीय काहीच नाही.

मला छळतं ते वेगळंच. खरा बार झाला तेव्हा आई रडली नाही. ती दादाचे दोन्ही हात चाचपत वेड्यासारखी हसत होती. दादा फौजेत गेला, नोकरी पुरी करून सुखरूप घरी आला. बाबा गेले तेव्हाही आई पदर तोंडात धरून मुकाट रडली. मी तिला काही सांगितलं नाही. पण दादा सुट्टीवर आला की ती स्वयंपाकघरातून "बाळ्या रे" अशी हाक मारायची, आणि पुढचं "जेवायला ये" कानावर पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

आता आईही नाही. बार मला आधी ऐकू आला, हे मी एक वेळ मान्य करीन... तो निदान पुढे झाला तरी. पण आईनं तसा हंबरडा मरेपर्यंत कधी फोडला नाही.

आणि मी तो ऐकला आहे.