तीन चुली मोडणारा सतीश

केजच्या एसटी स्टँडवर होतो, तेव्हा सतीशच्या धाकट्या भावाचा फोन आला. "दादा गेला..." एवढंच बोलला. समोर लागलेली माझी गाडी सुटली आणि मी तिथंच बसून राहिलो. काही आठवडे झाले, तरी 'सतीश होता' असं लिहिताना हात अडतो.

चौसाळ्यात वडिलांच्या कापड दुकानाच्या वरच्या खोलीत बसून या पठ्ठ्यानं जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणणारी लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येईल असा तयार कोड, उभी केली. फुकट, सगळ्यांसाठी खुली. आम्ही चारपाच मित्र हाताखाली. डोकेदुखी एकच. कोड लिहून झाला की त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करायचा, म्हणजे बिल्ड करायचं. त्याची विंडोजच्या कॉम्प्युटरवरची पद्धत वेगळी, लिनक्सवरची वेगळी, मॅकवरची वेगळी. एका घरात तीन चुली! नवी फाइल आली की तिन्हीकडे नोंदवायची, एकीकडे हमखास राहायची, आणि मग लावा सतीशला फोन. तिन्ही त्या एकट्यालाच यायच्या.

त्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, तसं त्यानं जाहीर केलं, आता एकच पद्धत ठेवायची. झालं, जो तो आपलीच पुढे करू लागला. मी मात्र त्याच्या बाजूनं भांडलो. लिनक्सवर बिल्ड करणारी स्क्रिप्ट त्यानं वर्षानुवर्षं घासूनपुसून केली होती. तीच सगळीकडे न्यावी, हे माझं म्हणणं. त्यानं काय करावं? प्रत्येकाला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसवलं, म्हणाला, "मला न इचारता करून दावा," आणि स्वतःचा फोन बंद करून टाकला. त्याची स्क्रिप्ट एकालाही चालवता आली नाही. तयार मिळणारी, तिन्हीकडे चालणारी एक साधीसुधी पद्धत होती, ती सगळ्यांना जमली.

त्यानं आपली स्क्रिप्ट काढून टाकली. मी भडकलो. "कावून बे? लई जीव लावला व्हता तिला."

"व्हता की. पण मी न्हाई राह्यलो तर हे काम बंद पडू द्यायचं का?"

स्वतःच्या हातची वस्तू इतक्या सहज बाजूला सारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आम्ही बिल्ड लावलं की त्याचा फोन यायचाच, "झालं का बे?" परवा नांदेडच्या एका बाईंनी सुधारणा पाठवली. कधी भेट नाही, ओळख नाही. मी बिल्ड लावलं. विंडोज, लिनक्स, मॅक... तिन्हीकडे बिल्ड जमल्याची हिरवी खूण. कुणाला काही विचारावं लागलं नाही. हेच तर हवं होतं त्याला. पण च्यायला, एकदा तरी अडायचं होतं, असं वाटून गेलं. फोन काढून समोर ठेवला. शेवटी मीच मोठ्यानं म्हणालो, "झालं बे."