मिस्त्री स्वतःची दाढी स्वतः करतात

सुनेनं दाढीचं मशीन आणलं ते रंगीत कागदात गुंडाळून. चार्जिंगचं, गुळगुळीत, हातात घेतलं की भुंग्यासारखं गुणगुणणारं. मिस्त्रींनी ते आठवडाभर निमूटपणे वापरलं आणि एका सकाळी न्हाणीतून बाहेर येऊन टेबलावर ठेवून दिलं. म्हणाले, यानं दाढी होत नाही, दाढीची नुसती समजूत घातली जाते.

सून हसली. मुलगा हसला नाही.

मुलाला न हसायला कारण होतं. आदल्या वर्षी मागच्या खोलीत एका खुर्चीचा पाय बसवताना मिस्त्रींच्या हातातली पटाशी सटकली आणि अंगठ्याच्या बुडाशी खोल घुसली. सुताराला असल्या जखमा नव्या नसतात. चिंधी बांधायची आणि कामाला लागायचं, हा त्यांचा जन्माचा रिवाज. पण हृदयाच्या दुखण्यापासून त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती, आणि ते रक्त चिंधीला जुमानेना. मुलगा घरी आला तेव्हा मिस्त्री ढलप्यांच्या ढिगात भिंतीला टेकून बसले होते, चुन्यासारखे पांढरे. पायापाशी खुर्ची मात्र तीन पायांवर नीट उभी होती.

दवाखान्यातून परत आल्यावर मुलानं रंधे, पटाश्या, करवती, धारेचा दगड, सगळं उचललं, मागच्या खोलीतल्या उंच कपाटात ठेवलं आणि दारातच बसवलेलं कुलूप लावलं. कपाट मिस्त्रींनीच केलेलं, स्वतःच्या लग्नाच्या वर्षी. किल्ली मुलाच्या जुडग्यात गेली. तेव्हापासून घरात धार असलेली कुठलीच वस्तू मिस्त्रींच्या हातात टिकेना. भाजी चिरायला बसले की सून, "बाबा, द्या इकडे, माझं होतच आलंय," म्हणत सुरी काढून घ्यायची. मिस्त्रींचा बोलायचा स्वभावच नव्हता. उगाच जाऊन कपाटासमोर उभे राहत आणि परत येत.

दाढी ते जन्मभर कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे करत आले होते. तो म्हातारा झाला, दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेला, आणि मिस्त्रींचे गाल उघड्यावर पडले. मग ते मशीन आलं आणि गेलं. त्यानंतर ते कुणाला न सांगता बाजारात गेले आणि एक रेझर घेऊन आले. जुन्या पद्धतीचा, स्टीलचा, वर आडवी टोपी, आत दोन्हीकडे धार असलेलं ब्लेड. दुकानदारानं डबीवरची धूळ फुंकली आणि कुणासाठी हवाय म्हणून विचारलं. मिस्त्री म्हणाले, गिऱ्हाईकासाठी.

घरी येऊन त्यांनी रेझर उलटापालटा करून पाहिला आणि त्यांचा जीव हरखला. हा तर रंधाच. तसंच पातं, तसंच ते दोन पट्ट्यांच्या मध्ये धरलेलं, तशीच जेमतेम बाहेर डोकावणारी धार. घोटाळा झाला तो इथेच. रंध्याला जास्त चावायला लावायचं असेल तर पातं थोडं पुढे काढतात. म्हणून मिस्त्रींनी पातं दाबून धरणारी रेझरची मूठ दोन आटे सैल केली. शिवाय दुकानातून आणलेल्या पात्यावर कुठल्याच सुताराचा विश्वास नसतो, त्याला आपल्या हातानं धार लावावी लागते. दगड कपाटात कोंडलेला. तेव्हा त्यांनी चहाचा कप पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या खडबडीत कडेवर ते कागदासारखं पातळ ब्लेड चांगलं घासून घेतलं. मग गालाला साबण फासला आणि रंधा मारावा तसा खांद्यातून जोर लावून एक लांब हात ओढला.

पांढऱ्या टॉवेलची जी दशा झाली ती सांगण्यासारखी नाही. न्हाणीच्या दारात मुलगा उभा होता.

"बाबा, हा हट्ट कुणासाठी?"

"माझ्या तोंडासाठी," मिस्त्री टॉवेलातून म्हणाले.

मग पुष्कळ बोलणं झालं, आणि ते सगळं मुलानंच केलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. कामावर असताना फोन वाजला की आपण हातातलं टाकून आधी घरचा नंबर आहे का ते पाहतो, हे सांगितलं. आणि शेवटी, जे तो कितीतरी दिवस पोटात ठेवून होता, तेही सांगून टाकलं. एका कारागीर शाळेला जुनी हत्यारं हवी होती. तो त्यांच्याशी बोलून चुकला होता. हत्यारं गंजत पडण्यापेक्षा कुणाच्या तरी हातात गेलेली बरी.

मिस्त्रींनी तोंडावरचा टॉवेल काढला. गालावर तीन ठिकाणी रक्त येत होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"महिनाभर थांब," ते म्हणाले. "महिन्यानं तुझ्यासमोर याच रेझरनं दाढी करीन. रक्ताचा थेंब आला तर हत्यारं घेऊन जा. नाही आला तर किल्ली मला द्यायची."

मुलगा कबूल झाला. त्या गालांकडे पाहून कुणीही कबूल झालं असतं.

शेजारच्या घरात वॉर्डमामा राहत. ते सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. तिथे सगळे वॉर्डबॉयना मामा म्हणत, तसं त्यांनाही म्हणत. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी ते जगाचे मामाच राहिले. ऑपरेशनच्या आधी रोग्याचे केस काढणं हे त्यांच्या कामाचं एक अंग होतं, आणि घाबरलेल्या, कण्हणाऱ्या, हलणाऱ्या माणसांच्या अंगावरून त्यांनी असाच रेझर जन्मभर फिरवला होता. मिस्त्रींच्या गालावर चिकटवलेले कागदाचे कपटे कुंपणावरून पाहून त्यांनी विचारलं, मांजर पाळलंय की काय.

मिस्त्रींनी खरं ते सांगितलं. कपाच्या कडेपर्यंत गोष्ट आली तेव्हा मामांना हसता हसता ठसका लागला, पाणी आणून द्यावं लागलं.

दुसऱ्या सकाळी मामा न्हाणीत पालथ्या बादलीवर येऊन बसले. आधी त्यांनी मूठ घट्ट पिळून बसवली. घासलेलं ब्लेड कागदात गुंडाळून टाकायला सांगितलं. मिस्त्रींचा जीव होईना. त्यांच्याकडचं एकेक पातं झिजून नखाएवढं होईपर्यंत संसाराला असे. मामा म्हणाले, या पात्याला संसार नाही, चार दिवस पाहुणा म्हणून येतं, बोथट झालं की त्याला निरोप द्यायचा. मिस्त्रींनी मान डोलावली आणि ते ब्लेड गुपचूप एका डबीत ठेवलं.

मग पाणी. मामांनी मिस्त्रींना गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर धरून नुसतं बसायला लावलं. हे त्यांना सगळ्यात कठीण गेलं. लाकूड कधी शेकत बसावं लागत नाही. मग ब्रशनं साबणाचा फेस करायला लावला, आणि पहिला फेस पाहून मामा म्हणाले, हा फेस नव्हे, ही धुण्याची बादली आहे. पाणी कमी करून, वाटीत पुन्हा पुन्हा घोटून, ब्रश उलटा धरला तरी खाली पडणार नाही असा घट्ट फेस जमायला बरेच दिवस गेले. तोवर दाढी जेमतेम व्हायची आणि गाल पेटल्यासारखे व्हायचे.

खरी लढाई हाताशी होती.

"मिस्त्री, तुम्ही अजून लाकूड तासताय," मामा म्हणाले. "लाकूड ओरडत नाही ना, म्हणून ही सवय लागलीय."

"जोर लावल्याशिवाय कापेल कसं?"

"रेझरला त्याचं वजन आहे ना. तुम्ही फक्त सोबत चालायचं."

ऐकायला सोपं. टोपी गालावर टेकवायची, मूठ हळूहळू खाली आणायची, आणि पातं केसाला लागल्याचा बारीक आवाज आला की तिथेच थांबवून, तोच कोन धरून बोटभर अंतर खाली यायचं. रेझर धुवायचा, पुन्हा टेकवायचा. पण साठ वर्षं ज्या हातानं सागवान सोललं तो हात ऐकेना. मन दुसरीकडे गेलं की मनगट आपोआप दाबायचं आणि गाल लगेच पावती द्यायचा. त्यात सकाळी हात थोडा थरथरायचा. मामांनी कोपर बरगडीला चिकटवायला लावलं आणि करंगळी गालाच्या हाडावर टेकवायला. थरथर गेली नाही, पण तिला टेकू मिळाला.

केसांची दिशा मात्र मिस्त्रींना शिकवावी लागली नाही. गालावर बोट फिरवून त्यांनी सांगितलं की इथे केस खाली जातात, इथे कानाकडे, आणि गळ्यावर डावीकडे भोवरा आहे, लाकडात गाठ असते तसा. मामा खूश झाले. पण मिस्त्री लगेच त्या गाठीच्या मागे लागले. गाठ दिसली की ती साफ केल्याशिवाय सुताराला चैन पडत नाही. उलटा हात मारला, पुन्हा मारला, आणि गळा सोलून घेतला. त्या दिवशी जेवताना सून त्यांच्या गळ्याकडे पाहून काहीतरी बोलणार होती, पण तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"राहू द्या की दोन केस," मामा दुसऱ्या दिवशी म्हणाले. "उद्या पुन्हा यायचंच आहे इथे."

हे मिस्त्रींच्या डोक्यात बसायला आणखी काही दिवस गेले. जोडकाम एकदा करतात आणि ते जन्मभर टिकतं. दाढी ही रोज नव्यानं उगवणारी गोष्ट. ती पुरी करायची नसते, आजच्यापुरती करायची असते. पहिल्यांदा केसांच्या दिशेनं, मग पुन्हा फेस लावून आडवी, आणि भोवऱ्याशी नमस्कार करून मागे फिरायचं.

एका सकाळी दाढी संपली तेव्हा मिस्त्रींच्या लक्षात आलं की आपण मध्ये एकदाही श्वास रोखला नाही. गार पाण्यानं तोंड धुतलं, तुरटीचा खडा फिरवला, तो कुठेच झोंबला नाही. ते पायरीवर जाऊन बसले आणि तळहात गालावरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. नीट तासलेल्या फळीवरून फिरवावा तसा. सून कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, बाबा, आज कुठे निघालात?

"कुठे नाही," मिस्त्री म्हणाले. "इथेच."

ठरलेल्या सकाळी मुलगा न्हाणीच्या दारात स्टूल टाकून बसला. मामा बादलीवर. मिस्त्रींनी टॉवेलानं तोंड शेकलं, फेस केला, नवं ब्लेड बसवलं. गाल झाले. गळा झाला. भोवरा त्यांनी नेहमीसारखा सोडून दिला. दुसरा, आडवा हातही फिरला. मुलगा पाहत होता. बापाचा हात थरथरतोय हे त्याला दिसत होतं, आणि तरीही पातं सरळ येतंय हेही दिसत होतं.

ओठाखालच्या खळगीत शेवटचा एक हात राहिला होता. कुणी बोललं नाही, कुणी शिंकलं नाही, कुणाचा दोष नव्हता. फेसावर एक लाल ठिपका उमटला.

मामांनी तुरटी पुढे केली. मिस्त्रींनी ती दाबून धरली. थोड्या वेळानं काढली तेव्हा रक्त थांबलेलं होतं.

"थांबलं," मामा म्हणाले.

"पण आलं," मुलगा म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता. तो उठला आणि हळू आवाजात म्हणाला की मी उद्या शाळेच्या लोकांना यायला सांगतो.

मिस्त्रींनी राहिलेला फेस पुसला. त्यांच्या शब्दाला साऱ्या गल्लीत किंमत होती. अमुक दिवशी दार देतो म्हणाले की त्या दिवशी दार चौकटीत बसलेलं असे. आरशातल्या माणसाकडे ते जरा वेळ पाहत राहिले. महिनाभर हा माणूस शाळेतल्या पोरासारखा परीक्षेची तयारी करत होता. कशाची परीक्षा? तर आपला हात आपला आहे की नाही याची.

"हरलो मी," ते म्हणाले. "आणि शब्द दिला होता, तेही खरं. तो शब्द मी मोडतोय."

"बाबा..."

"ऐक. जे माझंच आहे ते पैजेवर लावायला नको होतं. ती चूक माझी. हत्यारं कुठेही जाणार नाहीत."

मुलाचा आवाज चढला. त्या दिवशी दार उघडलं तेव्हा मला काय दिसलं ते तुम्हाला माहीत नाही, तो म्हणाला. मला वाटलं, संपलं सगळं. पुन्हा तसं दार उघडायची माझी तयारी नाही.

"कळतंय मला," मिस्त्री म्हणाले. "तुरटी खिशात ठेवीन. तू म्हणशील तर फोन गळ्यात बांधीन. खोलीचं दार उघडं ठेवीन. पण कधीतरी मरायचंच आहे तर कपाटाच्या बाहेर उभा राहून मरणार नाही."

ते न्हाणीतून निघाले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. सुनेकडे त्यांनी कुकरचं हँडल पिळायचा स्क्रू-ड्रायव्हर मागितला. तिनं खण उघडून तो दिला, आणि पाठोपाठ शिलाई मशीनच्या तेलाची बाटली हातावर ठेवली.

"खालच्या बिजागरीचा एक स्क्रू गंजलाय," ती म्हणाली.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. ती वळून ओटा पुसायला लागली होती.

कपाटाच्या बिजागऱ्या बाहेरून होत्या. त्यांनी स्वतः बसवलेल्या. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं की हे दार कुलपाला हात न लावता उतरवता येतं. वर्षभर ते समोर येऊन उभे राहिले, पण मुलाला न विचारता स्क्रूला हात लावावा हे मनात आलं नव्हतं. वरची बिजागरी लवकर सुटली. खालच्या गंजलेल्या स्क्रूवर त्यांनी तेल सोडलं आणि नुसते थांबले. महिन्यापूर्वी त्यांनी जोर लावून त्याचं डोकं खाऊन टाकलं असतं.

मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. स्क्रू फिरला. दार एका अंगानं कलंडायला लागलं आणि मुलगा धावला, त्यानं दोन्ही हातांनी वरची कड पकडली.

"अरे, खालून धर. वरून धरलंस तर पायावर येईल."

मुलानं हात खाली घेतले. दोघांनी मिळून दार उतरवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. कुलूप अजून त्यात तसंच लागलेलं होतं, जीभ बाहेर काढून. आत सगळी हत्यारं जागच्या जागी होती. मिस्त्रींनी मोठा रंधा काढला, पात्यावरचा गंज अंगठ्यानं चाचपला आणि धारेचा दगड शोधायला लागले.

मुलानं खाली पडलेले स्क्रू वेचून तळहातावर घेतले. मग त्यानं विचारलं की हे दार परत कधी लावायचं.

"लावायचं नाही," मिस्त्री दगडावर पाणी शिंपडत म्हणाले. "मला त्याचं टेबल करायचंय."