सईने डेट्रॉइटच्या स्टाइलमध्ये मराठी गायलं!

मंडळी, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमातून आत्ताच घरी आलेय. लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्या शेजारच्या डोरोथी आजी साठच्या दशकात डेट्रॉइटमध्ये मुलींच्या एका ग्रुपमध्ये गायच्या. माझी लेक सई त्यांच्याकडून ती स्टाइल शिकली. एकीने ओळ गायची, मागच्या दोघींनी "ऊ-ऊ" करत उत्तर द्यायचं, टाळ्या आणि हातांच्या मूव्हज एकदम सारख्या. मग दोन मैत्रिणींना घेऊन तिने तसंच एक मराठी गाणं स्वतः बसवलं.

रिहर्सलला कमिटीचे काका म्हणाले, "आपल्या स्टेजवर हे अमेरिकन कशाला? कॅन्सल करू या."

मला वाटलं, ही आता रडणार. पण सई म्हणाली, "काका, आय वॉज बॉर्न हिअर. हे पण माझंच आहे. एकदा ऐका ना, प्लीज."

काकांनी ऐकलं आणि गाणं ठेवलं.

आज अख्खा हॉल टाळ्यांचा ठेका धरून होता, काकासुद्धा! डोरोथी आजींना मराठी ओ की ठो कळत नाही, पण पहिल्या रांगेत बसून त्या "ऊ-ऊ" गात होत्या. नंतर सईला मिठी मारून इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "आमच्यासारखं आता कोणी गात नाही, असंच मी धरून चालले होते."

यार, काय अभिमान वाटला! तुमच्या मुलांनी इथलं काय आपलंसं केलंय?