हायपरबोलची दुरुस्ती

वडूजच्या शाळेत आमच्या बाई पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवत. ज्या मुलांना पुढे इंग्रजी घ्यायचं असे, त्यांना शाळा सुटल्यावर थांबवून अलंकार शिकवत. हे त्यांचं काम नव्हतं, त्यांना कुणी सांगितलेलंही नव्हतं. त्यांनी स्वतः बी.ए. बाहेरून केलं होतं. कॉलेजची पायरी चढल्या नव्हत्या, पुस्तकं आणून घरी वाचली होती. शब्दकोश त्या पहिल्या पानापासून वाचत आल्या होत्या. मी त्यांच्याकडे शिकायला लागले तेव्हा ‘एम’पर्यंत आल्या होत्या. मात्र सराईत इंग्रजी बोलणारं माणूस त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांची रीत साधी होती. आधी घरचं उदाहरण आणायचं, मग पुस्तकातलं. एकदा मी सांगितलं, की बांगडी फुटली तर चुलती म्हणते, ‘बांगडी वाढली.’

“वाढली म्हणजे? एकीच्या दोन झाल्या का?” बाईंनी विचारलं. वर्ग हसला. “अशुभ तोंडातून काढायचं नाही म्हणून हा गोड शब्द. लिहा, युफेमिझम.”

उशिरा उठलेल्या सुनेला ‘एवढ्या पहाटे कशाला उठलीस गं?’ असं म्हणणारी सासू आयरनीत गेली. जेवण कितीही झकास झालं तरी ताटावरून उठताना ‘वाईट न्हाई’ एवढंच म्हणणारा पाहुणा लिटोट्समध्ये गेला. नाही म्हणून हो म्हणायचं, हा तो अलंकार. बाई म्हणाल्या, “हा शिकवायची गरज नाही. खटाव तालुक्यातला माणूस तो जन्मतःच शिकून येतो.”

अशी त्यांची दोनशे पानी वही भरली होती. त्या वहीच्या जोरावर मी सांगलीला कॉलेजात इंग्रजी विषय घेतला. पहिल्याच महिन्यात सरांनी अतिशयोक्तीला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारलं. मी उभी राहून ठणठणीत आवाजात सांगितलं, “हायपरबोल.”

सगळा वर्ग हसला. सरांनी फळ्यावर लिहिलं, हायपर्बली. मग आणखी दोन शब्द विचारले. माझं सिमाईल हे सिमिली निघालं आणि लिटोट्सचं लायटोटीज झालं. उदाहरणं मात्र मी धडाधड दिली, ती बाकी कुणालाच आली नाहीत. सरांनी तसं बोलूनही दाखवलं. पण मला ते ऐकू आलं नाही. मला बाईंचा राग आला होता, आणि तो बरेच दिवस टिकला.

मे महिन्यात घरी आले तेव्हा अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची बोर्डाची परीक्षा आली होती. आमच्या शाळेच्या संस्थेला वरच्या वर्गांसाठी इंग्रजीचा शिक्षक हवा होता. बाईंनी अर्ज केला होता. मुलाखत पंधरा दिवसांवर आली होती, साताऱ्याला. बाकीचे उमेदवार कॉलेजात शिकलेले होते.

“ही जागा गेली तर रिटायर होईपर्यंत पाचवीची एबीसीडी,” बाई ज्वारी निवडता निवडता म्हणाल्या. “ह्या वयात परत कोण विचारतंय? हायपरबोल हमखास विचारतील बघ. तो सगळ्यांचा लाडका.”

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. सांगितलं तर ऐन वेळी त्यांचा धीर जाईल. न सांगावं तर तिथे हसं होईल. मी कॉलेजातला सगळा प्रकार सांगून टाकला.

बाईंचे हात सुपात थांबले.

“कोण हसलं?”

“सगळी.”

“तू काय केलंस?”

“खाली बसले.”

“बसलीस ते बसलीस. बरोबर कसं म्हणायचं ते तरी ऐकून घेतलंस का?”

“व्हय.”

“मग सांग. एकेक सांग.” त्यांनी सूप बाजूला सारलं आणि वही, लाल पेन्सिल घेऊन बसल्या.

मी कॉलेजात ऐकलेले शब्द अर्ध्या तासात संपले. उरलेल्यांचं काय करायचं? मी त्यांचा शब्दकोश उघडला. प्रत्येक शब्दापुढे किड्यामुंग्यांसारखी चिन्हं छापलेली असतात. तो उच्चार असतो, हे मला सांगलीत कळलं होतं. बाईंनी ती चिन्हं वीस वर्षं ओलांडली होती. त्यांना वाटायचं, ते पंडितांसाठी असावं. मला स्वतःला ती चिन्हं शिकायला एक सत्र लागलं होतं. बाईंनी ती दोन दुपारींत पाठ केली आणि तिसऱ्या दिवशी माझाच एक उच्चार दुरुस्त केला.

मग त्यांनी गावातल्या मुलांना निरोप धाडून ओट्यावर बोलावलं. सुट्टी होती, तरी सात-आठ जण आले.

“मी तुम्हाला काही शब्द चुकीचे शिकवलेत,” त्या म्हणाल्या. “वह्या काढा.”

एक मुलगी कुरकुरली. “आवं बाई, आमी पाठ केलंय की. हाय, पर बोल. असं ध्यानात ठिवलंय.”

“आता ‘हाय, पर बोलू नको’ असं ठेव,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या.

मी आजवर बरेच शिक्षक पाहिले. नंतर स्वतःही शिकवलं. चुकीचं शिकवलं म्हणून सुट्टीत मुलांना बोलावून घेणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही. मी ते केलेलं नाही, हेही सांगते.

मुलाखतीला मी बाईंबरोबर साताऱ्याला गेले. खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या आणि खालच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं. आत तिघे होते. विचारत होते ते एक म्हातारे प्राध्यापक, इंग्रजीतूनच. बाई सावकाश पण नीट उत्तरं देत होत्या. अतिशयोक्तीचा प्रश्न आला आणि सवयीने जीभ घसरली. “हायपरबोल,” बाई म्हणाल्या. आत कुणीतरी खाकरलं.

बाई थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “चुकलं. हायपर्बली. वीस वर्षं मी हा शब्द फक्त डोळ्यांनी वाचला. पंधरा दिवसांपूर्वी माझ्या विद्यार्थिनीने मला तो ऐकवला. डोक्याला कळलंय, जिभेला अजून वेळ लागेल.”

“आणि मुलांनी हेच उचललं तर?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“त्यांना मागच्या आठवड्यात बोलावून दुरुस्त करून दिलंय.”

मग ते म्हणाले, “बरं. उच्चार राहू द्या, अर्थ सांगा.” पुढचा अर्धा तास एकामागून एक अलंकार निघाले. बाईंनी ‘वाईट न्हाई’ सांगितलं तेव्हा आतले तिघेही हसले. ते हसणं वेगळं होतं, तेवढं खिडकीखालीही कळत होतं.

दुपारी कारकुनाने येऊन सांगितलं, की जागा बाईंना दिली आहे, पण एका वर्षासाठी. दहावीचा निकाल बघून पुढचं ठरेल.

“निकाल मुलांचा लागणार की माझा?” बाई एवढंच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “ऊठ. दहावीचं पुस्तक कुठं मिळतं बघू.”

पुस्तक घेऊन आम्ही वडूजची एस.टी. पकडली. कोरेगाव येईपर्यंत पहिला धडा झाला. बाई मोठ्याने वाचत होत्या, मी अडवत होते आणि पुढच्या बाकावरचा माणूस दर वेळी मान वळवून पाहत होता. पुसेगावच्या अलीकडे एक शब्द आला. तो मलाही येत नव्हता. घरी शब्दकोशात बघायला म्हणून बाईंनी त्याच्याखाली रेघ मारली आणि पान उलटलं.