नकाशावरचा आमचा पांढरा रंग

जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर मी मोडलेला हात दाखवायला बसलो होतो. समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार, जिथे जास्त सापडतो तो भाग गडद लाल, आणि आमचा भाग जवळजवळ पांढरा. बघून बरं वाटलं.

शेजारी एका बाईच्या मांडीवर तापाने फणफणलेली मुलगी होती. नर्स म्हणाली, "हनुवटी छातीला लाव बघू, बाळा." मान लाकडासारखी ताठ, वाकेचना.

डॉक्टर म्हणाले, "मेनिंजायटिस वाटतोय. पाठीतलं पाणी काढून तपासलं तरच नक्की कळेल."

मुलीचे आजोबा आडवे आले. "पाठीत सुई घालू देणार नाही. पोर जन्माची पांगळी होईल." बाईने सासऱ्यांकडे बघितलं आणि मुलीला उराशी धरलं. डॉक्टरांनी अंदाजानेच औषधं सुरू केली.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे न्यायला गेलो, तेव्हा आजोबांच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेली मुलगी होती. "कशाने गेली, छातीठोक सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कागदावर ती नुसती तापाने गेली. जगाच्या मोजणीत ती कुठेच येणार नाही.

मी पुन्हा नकाशाकडे पाहिलं. जे तपासतात त्यांच्या देशावर लाल डाग पडतात. आम्ही तपासतच नाही, म्हणून आम्ही निर्मळ. असल्या किती पोरी पुसल्यावर एवढा पांढरा रंग येत असेल?

दारापाशी आजोबा सुनेची समजूत घालत होते, "रडू नको. पाठीला सुई तर लागू दिली नाही ना मी!"